हिराचा माज आणि माझी अर्धी चिठ्ठी

ओपीडी संपत आली की आमच्या वॉर्डातले मामा चहा घेऊन येतात. सरकारी रुग्णालयात वॉर्डबॉयना मामा आणि आयाबाईंना मावशी म्हणायची पद्धत आहे, तसे हे माझे गेल्या अकरा वर्षांचे मामा. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एकदा ते कप ठेवून तिथेच घुटमळले.

"मॅडम, एक गोळी लिहून द्याल का?"

"कुणाला? काय होतंय?"

"हिराला. माजावर येईना झालीय."

हिरा ही मामांची कारवानी कुत्री. लांब पायांची, पोट आत गेलेली, पळायला लागली की मोटारसायकल मागे पडावी अशी. साडेतीन वर्षांची. आधीच्या वर्षी तिला सहा पिल्लं झाली होती आणि ती विकून आलेल्या पैशांतून मामांच्या थोरल्या मुलीचा नर्सिंगचा प्रवेश झाला होता. आता दुसऱ्या वर्षाची फी तोंडावर आली होती आणि हिरा नऊ महिने झाले तरी माजावर आली नव्हती. कुत्री पाळणाऱ्या कुणा ओळखीच्याने मामांना कागदाच्या चिटोऱ्यावर गोळीचं नाव लिहून दिलं होतं. औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळाली नाही, म्हणून ते माझ्याकडे आले होते.

चिटोऱ्यावर लिहिलं होतं, कॅबरगोलिन.

हे नाव माझ्या चांगल्या ओळखीचं. पाळी बंद झालेली, मूल नसताना छातीतून दूध येणारी बाई ओपीडीत आली की आम्ही रक्तातलं प्रोलॅक्टिन तपासतो. ते वाढण्याची इतर कारणं, म्हणजे थायरॉइडचा विकार किंवा चालू असलेली काही औषधं, नाहीत याची खात्री करतो आणि बहुतेकींना हीच गोळी देतो. ही गोळी मी वर्षानुवर्षं लिहीत आले आहे. मामांसाठी लिहायला हरकत ती काय, असं वाटून मी चिठ्ठ्यांचं पॅड पुढे ओढलंही. वर लिहिलं, 'हिरा'. आणि तीस वर्षांच्या सवयीने तोंडातून पुढचा प्रश्न निघाला, "शेवटची कधी आली होती?"

पाळी चुकलेल्या प्रत्येक बाईला हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारतो. कारण पाळी चुकण्याचं सर्वांत मोठं कारण कुठलाही आजार नसतो, दिवस राहिलेले असतात. गर्भारपणाची तपासणी केल्याशिवाय पाळी आणण्याचं औषध द्यायचं नाही, हे आम्हाला विद्यार्थी असल्यापासून शिकवलेलं असतं.

मामा म्हणाले, "नऊ महिने झाले मॅडम. म्हणजे माझ्या डोळ्यांदेखत नऊ महिने. मधी दोन महिने ती गावाकडं भावाच्या शेतावर होती."

माझा हात थांबला. चिठ्ठी तशीच अर्धी राहिली.

गायीचं वेगळं, कुत्रीचं वेगळं

गाय, म्हैस साधारण दर २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला तर शेतकऱ्याला तीन आठवड्यांनी पुन्हा संधी असते. कुत्रीचं तसं नाही. ती सरासरी सहा-सात महिन्यांतून एकदाच माजावर येते. एखादी पाच महिन्यांनी येते, एखादी वर्षाने. आफ्रिकेतल्या बासेंजी जातीच्या कुत्र्या तर वर्षातून एकदाच येतात. म्हणून नऊ महिने माज न दिसणं हा काही लगेच आजार ठरत नाही.

कुत्रीच्या या चक्राचे चार टप्पे असतात. पहिला सरासरी नऊ दिवसांचा. लघवीच्या जागेला सूज येते, रक्त दिसतं, गल्लीतले सगळे नर दाराशी जमतात, पण ती कुणाला जवळ येऊ देत नाही. दुसराही सरासरी नऊ दिवसांचा. आता स्राव फिका होतो, नर जवळ आला की ती शेपूट बाजूला करून उभी राहते. हा खरा माज. तिसरा टप्पा दोन महिन्यांचा. त्यात प्रोजेस्टेरॉन हे गर्भ सांभाळणारं संप्रेरक वाढलेलं असतं. चौथा टप्पा विश्रांतीचा. तो चार-पाच महिने किंवा त्याहूनही जास्त चालतो.

इथे दोन गोष्टींत आपली फसगत होते. पहिली म्हणजे ते रक्त. बाईची पाळी हा गर्भ न राहिल्याचा निरोप असतो, प्रोजेस्टेरॉन उतरलं की गर्भाशयाचं अस्तर गळून पडतं. कुत्रीचं रक्त याच्या अगदी उलट, ते स्त्रीबीज सुटण्याच्या आधी येतं. इस्ट्रोजेन वाढल्यामुळे गर्भाशयाच्या बारीक रक्तवाहिन्यांतून ते झिरपतं. एकाला निरोपाचा पाऊस म्हटलं तर दुसरा पेरणीआधीचा. अनेक कुत्र्या तर चाटून इतक्या स्वच्छ राहतात की घरच्यांना पत्ताच लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक विचित्र आहे. कुत्रीला गर्भ राहो वा न राहो, तिसरा टप्पा जवळपास तेवढाच चालतो. आत पिल्लं नसली तरी शरीर दोन महिने गाभण असल्यासारखंच वागतं. म्हणून काही कुत्र्यांना न विता दूध येतं, त्या खेळणं नाहीतर चप्पल उराशी धरून बसतात. नुसतं प्रोजेस्टेरॉन मोजून कुत्री गाभण आहे की नाही हे त्यामुळे सांगता येत नाही.

मामांना हे सांगितल्यावर त्यांनी हुशारीचा प्रश्न विचारला. "मग आपली ती लघवीची कार्ड टेस्ट करू का? वॉर्डात आहेत." ती चालत नाही. ती पट्टी ज्या एचसीजी नावाच्या संप्रेरकावर रंग दाखवते, ते बाईच्या वारेतून येतं. कुत्री ते बनवतच नाही. कुत्रीसाठी रिलॅक्सिन नावाच्या दुसऱ्या संप्रेरकाची रक्ततपासणी असते, नाहीतर सोनोग्राफी.

सोनोग्राफीत काय दिसलं

माझा सगळा अनुभव माणसांचा. शिवाय आपल्याकडे १९८४च्या कायद्यानुसार जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकांनाच आहे, हेही मला जरा उशिराच आठवलं. मामांना घेऊन मी ओळखीच्या पशुवैद्यकांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मामा हिराला घेऊन गेले.

दुपारी त्यांनी मोबाइलवर सोनोग्राफीचं चित्र पाठवलं. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांत चार गोल, आणि खाली पशुवैद्यकांचा निरोप, 'चारही हृदयं चालू आहेत. पाच-साडेपाच आठवडे.'

शेतावर असताना हिरा गुपचूप माजावर येऊन गेली होती. नर कोण, कुणालाच माहीत नव्हतं. "खाऊन जरा सुटलीय" असं मामांना वाटत होतं ते त्यामुळे.

संध्याकाळी पशुवैद्यकांशी बोलले तेव्हा त्यांनी मला शांतपणे जे सांगितलं, त्याने माझी झोप उडाली. कुत्रीत गर्भ टिकवणारं प्रोजेस्टेरॉन शेवटच्या दिवसापर्यंत फक्त अंडाशयातून येतं. बाईत तसं नसतं, आठ-दहा आठवड्यांनंतर तिची वार स्वतःच ते बनवायला लागते. आणि गर्भारपणाच्या दुसऱ्या महिन्यात कुत्रीच्या अंडाशयाला ते बनवत राहण्यासाठी प्रोलॅक्टिनचा आधार लागतो. कॅबरगोलिन नेमकं प्रोलॅक्टिन उतरवतं. म्हणजे त्या दिवसांत ही गोळी रोज दिली तर प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि गर्भ पडतो. नको असलेला गर्भ पाडण्यासाठी पशुवैद्यक याच गोळीचा उपयोग करतात.

मला हे ठाऊक नव्हतं. माझ्या बायका रुग्णांना ही गोळी चालू असताना दिवस राहतात, तेव्हा आम्ही साधारणपणे ती थांबवतो आणि गर्भाला काही होत नाही. हीच खातरी मी हिरालाही लावली असती. गोळी ओळखीची होती, म्हणूनच धोका होता.

गोळी मुळात काय करते

मग माज आणण्यासाठी ही गोळी देतात ती खोटी समजूत आहे का? नाही. विश्रांतीच्या टप्प्यात असलेल्या निरोगी कुत्रीला कॅबरगोलिन किंवा त्याच जातीचं ब्रोमोक्रिप्टिन रोज दिलं, तर विश्रांती लवकर संपते आणि बऱ्याच कुत्र्या काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत माजावर येतात. विश्रांती जितकी सरत आलेली, तितका परिणाम लवकर. असा माज नैसर्गिक माजासारखाच असतो आणि वेळ साधली तर पिल्लंही होतात.

पण हे घडतं कसं, याचं पहिलं उत्तर अर्धवट निघालं. ही औषधं मेंदूतल्या डोपामिनसारखं काम करतात आणि डोपामिन प्रोलॅक्टिनला दाबतं. तेव्हा प्रोलॅक्टिन उतरल्यामुळे माज येत असावा, असं सगळ्यांना वाटत होतं. नेदरलँड्समधल्या उट्रेक्ट विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी हे तपासून पाहिलं. त्यांनी ब्रोमोक्रिप्टिन इतकं कमी दिलं की प्रोलॅक्टिन उतरलंच नाही, तरी माज लवकर आला. आणि दुसऱ्या वेगळ्या औषधाने नुसतं प्रोलॅक्टिन उतरवलं, तर माज लवकर आला नाही. म्हणजे काम डोपामिनचंच, पण प्रोलॅक्टिनच्या वाटेने नव्हे.

ठोक्यांची भाषा

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग आहे. तिथून जीएनआरएच हे संप्रेरक निघतं. ते पीयूषिका ग्रंथीला जागं करतं, ग्रंथी अंडाशयाला जागं करते. दहा अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू शोधायला अँड्र्यू शाली यांनी डुकरांचे आणि रॉजर गिलेमिन यांनी मेंढ्यांचे मेंदू ढिगांनी गोळा केले होते. दोघांना १९७७ साली नोबेल मिळालं.

खरी गंमत पुढच्या वर्षी कळली. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे अर्न्स्ट नोबिल यांच्या प्रयोगशाळेत, स्वतःचं जीएनआरएच बनवू न शकणाऱ्या माकडिणींना ते बाहेरून दिलं. तासाला एक ठोका, असं दिलं तर ग्रंथी नीट कामाला लागली. तेच औषध सलग, न थांबता दिलं तर ग्रंथी काही दिवसांत गप्प बसली. औषध तेच. फरक फक्त लयीचा. दारावर थांबून थांबून टकटक केली तर माणूस उठून येतो. बेलचं बटण दाबूनच धरलं तर तो बेलची वायर काढून ठेवतो, तसं काहीसं.

कुत्रीचा माज जवळ येतो तेव्हा हे ठोके आपोआप जवळजवळ पडू लागतात. डोपामिनसारखी औषधं ती वेळ अलीकडे ओढतात. दुसरा मार्ग म्हणजे डेस्लोरेलिन, जीएनआरएचची कृत्रिम, जास्त ताकदीची आवृत्ती. तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी तिची कांडी कातडीखाली किंवा योनीच्या आतल्या अस्तराखाली बसवतात. सुरुवातीच्या दिवसांत ती जोराचा ठोका देते आणि साधारण आठवड्याभरात कुत्री माजावर येते. पण कांडी तशीच राहू दिली तर पुढे ती ग्रंथीला गप्प करते. त्यामुळे माज आणायचा असेल तर बीज सुटल्यावर कांडी काढून टाकतात. हीच कांडी काही देशांत नर कुत्र्यांना तात्पुरतं नापीक करायला वापरतात. माणसांत याच जातीची औषधं प्रोस्टेटचा कर्करोग रोखायलाही दिली जातात आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारातही.

याखेरीज गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारं संप्रेरक आणि इस्ट्रोजेन यांचाही वापर झाला आहे. घोडीचं प्रथिन कुत्रीच्या शरीराला परकं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. इस्ट्रोजेनची गोष्ट जास्त गंभीर आहे. कुत्र्यांच्या अस्थिमज्जेला ते विषारी ठरू शकतं, रक्तपेशी बनणं बंद पडू शकतं. कुणी ओळखीचा 'माजाचं इंजेक्शन' म्हणून काहीतरी टोचत असेल, तर कुपीवरचं नाव वाचल्याशिवाय टोचू देऊ नका.

माज आला म्हणजे पिल्लं झाली का?

कुत्रीत नाही. इतर बहुतेक सस्तन प्राण्यांत स्त्रीबीज सुटतं तेव्हा ते फलनाला जवळपास तयार असतं. कुत्रीचं कच्चं सुटतं आणि नलिकेत गेल्यावर पिकायला आणखी दोन-तीन दिवस घेतं. या एका गोष्टीने शास्त्रज्ञांना किती दमवलं, हे आकड्यांतून दिसतं. माणसाची पहिली टेस्ट ट्यूब बेबी १९७८ साली जन्मली. कुत्र्याची टेस्ट ट्यूब पिल्लं मात्र अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात २०१५ साली, ३७ वर्षांनी. १९ भ्रूण एका कुत्रीत सोडले, सात पिल्लं झाली. यश आलं ते मुख्यतः बीज नलिकेत आणखी एक दिवस राहू दिल्यामुळे आणि पोषक द्रावणात मॅग्नेशियम घातल्यामुळे. त्याआधी २००५ साली दक्षिण कोरियात स्नपी हा पहिला क्लोन कुत्रा जन्मला, त्यासाठी १२३ कुत्र्यांत हजाराहून जास्त भ्रूण सोडावे लागले होते.

घरच्या कुत्रीला याचा अर्थ एवढाच की दिवस नेमके मोजावे लागतात. 'रक्त दिसल्यापासून बाराव्या दिवशी' हा नियम पुष्कळ जण पाळतात आणि पुष्कळांची निराशा होते, कारण बीज सुटण्याचा दिवस कुत्रीगणिक बदलतो. खात्रीचा मार्ग रक्तातलं प्रोजेस्टेरॉन दर दोन दिवसांनी मोजण्याचा. ते साधारण ५ नॅनोग्रॅमच्या आसपास चढलं की बीज सुटलं असं धरतात आणि त्यानंतर दोन-तीन दिवसांनी नराकडे नेतात. बीज सुटल्याच्या दिवसापासून ६३ दिवस, एक-दोन इकडे-तिकडे, पिल्लांची वाट पाहायची. पशुवैद्यक सांगतात की 'माजावर येत नाही' आणि 'फळत नाही' अशा तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारी दिवस चुकल्याच्या असतात. त्यांना औषध नको, कॅलेंडर हवं.

आणि विश्रांतीचे ते चार-पाच महिने वाया गेलेले नसतात. त्या काळात गर्भाशयाचं अस्तर दुरुस्त होत असतं. ते अपुरं असताना औषधाने माज ओढून आणला, तर गर्भ न राहण्याचीच शक्यता जास्त.

घरी कुत्री असेल तर

माजाच्या तारखा लिहून ठेवा. पहिलं रक्त कधी, स्राव फिका कधी झाला, कुणाच्या ताब्यात होती, सगळं. पशुवैद्यकाला याच्याइतकी मदत दुसऱ्या कशाने होत नाही.

माज लांबला तर आधी गर्भ, मग थायरॉइड आणि इतर आजार, मग आधी दिलेली औषधं हे तपासून घ्या. औषधाने माज आणायचा की नाही, हे त्यानंतर पशुवैद्यकाने ठरवायचं.

माजानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कुत्री खूप पाणी पिऊ लागली, उलट्या करू लागली, खाईना झाली किंवा खालून पू येऊ लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गर्भाशयात पू होण्याचा हा आजार जीव घेतो. पिल्लं नकोच असतील तर नसबंदी हा त्यावरचाही उपाय आहे.

विक्रीसाठी पिल्लं घेणाऱ्यांसाठी २०१७ पासून केंद्राचे नियम आहेत. राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, १८ महिन्यांखालच्या मादीकडून पिल्लं घेता येत नाहीत आणि वर्षात एकापेक्षा जास्त वेळा घेता येत नाहीत. मामांना यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

हिरा आषाढात व्यायली. चार पिल्लं, दोघांना आईचे लांब पाय, चौघांनाही गावठी वळलेली शेपटी. त्यांना कुणी पैसे देणार नव्हतं. तीन मामांच्या गावात गेली, एक त्यांच्याकडेच आहे. मुलीची फी मामांनी पतसंस्थेतून कर्ज काढून भरली. हप्ता अजून चालू आहे. 'तुमची गोळी मिळाली असती तर' असं ते मला एकदाही म्हणाले नाहीत, मात्र पहिले काही दिवस चहा ठेवून लगेच जात असत.

यंदा संक्रांतीनंतर हिरा आपणहून माजावर आली. पशुवैद्यकांनी हा माज जाऊ द्यायला सांगितलं, मामांनी जाऊ दिला. तीन आठवडे तिला एका खोलीत कोंडून ठेवलं आणि वॉर्डातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर, इंजेक्शनच्या वेळापत्रकाशेजारी, रोजची खूण केली. सिस्टरनी कुरकुर केली, मग त्याही विचारू लागल्या.

परवा मी ते कॅलेंडर उलटून पाहिलं. ऑगस्टच्या पानावर पेन्सिलीने एक गोल आहे, त्यात 'हि' आणि पुढे प्रश्नचिन्ह.